काळोख पाळणारी गल्ली

३ सप्टेंबर

आज घर लागलं. सामान उतरवायला घेतलं तेव्हा ऊन गल्लीच्या तोंडाशी होतं, शेवटची खुर्ची आत नेली तेव्हा ते आमच्या दारात पोचलं होतं. खाली एक खोली, स्वयंपाकघर आणि त्यामागे कोठी, वर एक खोली, जिन्याखाली अडगळीची जागा. ती अडगळ माझ्या बिट्टीने लगेच आपल्या नावावर करून घेतली. चार वर्षांच्या माणसाला एवढं घर पुरतं, असं सासूबाई म्हणाल्या. म्हातारपणी त्याहून कमी पुरतं, हेही त्यांनी जोडलं.

गल्ली टेकडीवर चढत जाते, एक वळण घेते आणि संपते. पुढे शेतं, शेतांपलीकडे दगडाची जुनी खाण. समोरच्या खिडकीतून खालचं सगळं गाव दिसतं. छपरं, पाण्याची टाकी, बाजार आणि अगदी टोकाला माझी कचेरी. लांबट, बुटकी इमारत आहे. तिच्यामागच्या मैदानात आकाशाकडे तोंड करून ठेवलेल्या पेट्या. मी सासूबाईंना त्या दाखवल्या. त्या म्हणाल्या, म्हणजे तू तोफखान्यात लागलीस. मी म्हटलं, तोफखाना मारतो, आम्ही येणारं अडवतो. त्यावर त्यांचं उत्तर तयार होतं: जन्मभर मीही घरात तेच केलं, मला कुणी पगार दिला नाही.

शेजारी एक निवृत्त मास्तर राहतात. मोठं कपाट मला एकटीला हलेना, तर ते स्वतःहून आले, आणि वर नेताना भिंतीला एक ओरखडाही येऊ दिला नाही. चहा घेऊन गेले. जाताना म्हणाले, पडदे जाड लावा, आधी राहणाऱ्यांनी कधी लावले नाहीत.

हे बंदरावरच्या नोकरीत अडकलेत. थंडी सरली की येतील. तोवर आम्ही तिघी. संध्याकाळी बिट्टी जिन्याखाली बसून भिंतीला गाणं शिकवत होती. किती दिवसांनी मला घर आवडलं.

५ सप्टेंबर

कामाचा पहिला दिवस. खोलीला खिडक्या नाहीत. पडद्यांचा उजेड, थंड झालेले कप, आणि बोलताना चष्मा पुसणारे साहेब. त्यांनी शांतपणे सगळं समजावलं. टेकड्यांपलीकडून रॉकेट उडालं की रडार त्याला धरतं. या रॉकेटांना स्वतःची अक्कल नसते. फेकलेल्या दगडासारखी ती चढतात आणि उतरतात, त्यामुळे चढत असतानाच यंत्र सांगतं की कुठे पडणार. मग एकच प्रश्न उरतो. तिथे माणसं आहेत का? असली तर मैदानातल्या पेटीतून बाण सुटतो आणि रॉकेट हवेत फुटतं. नसली तर अडवायचंच नाही. बाण म्हणजे आमचं क्षेपणास्त्र. त्याचं कागदावरचं नाव उच्चारून होईपर्यंत रॉकेट पडून जाईल, असं पडद्यावर नजर ठेवणारी रडारवाली म्हणाली.

बाण मोजके असतात आणि नवे यायला वेळ लागतो. पलीकडचे एकदम झुंडीने रॉकेटं सोडतात ती आमच्या पेट्या रिकाम्या व्हाव्यात म्हणूनच. साहेब म्हणाले, प्रत्येक माशीमागे धावायचं नाही, दुधावर बसणारी तेवढी हाणायची.

दूध कुठे आहे ते सांगणं माझं काम. नकाशावर माणसं राहतात तो भाग निळा, बाकी पांढरा. पांढऱ्याकडे निघालेलं रॉकेट दिसलं की रडारवाली म्हणते, मोकळं. साहेब म्हणतात, जाऊ दे. भोंगाही पडणार त्याच भागात वाजतो, आणि निळ्यातच. रिकाम्या खाणीला कुणी सावध करत नाही.

एखाद्या भागात सलग काही दिवस दिवा लागला नाही, फोन बोलला नाही, नळ चालला नाही, तर यंत्र तो भाग पांढरा करायचं सुचवतं. पांढऱ्याचा निळा मात्र यंत्राच्या सांगण्यावरून होत नाही. त्यासाठी माणूस चालत जातो, आणि घरातलं जिवंत माणूस त्याला आपल्या डोळ्यांनी पाहावं लागतं. हा चालणारा म्हणजे लंबू. दाराच्या चौकटीला वाकून नमस्कार करतच आत येतो. मला म्हणाला, तुम्ही नकाशाचं डोकं, मी नकाशाचे पाय.

घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांना एवढंच हवं होतं की आपण निळे का पांढरे. मी म्हटलं, निळे. मग जेवायला बस, म्हणाल्या.

१० सप्टेंबर

पहिला हल्ला आज पाहिला. पडद्यावर बारीक रेषा उगवल्या. कुणी आवाज चढवला नाही. दोन रेषा बाजाराकडे वळल्या, तिथे भोंगा वाजला, मैदानातून दोन बाण गेल्याचा हादरा पायाला लागला, आणि रेषा मध्येच पुसल्या गेल्या. तिसरी खाणीकडे निघाली होती. मोकळं. जाऊ दे. रडारवालीने अर्धवट राहिलेलं बिस्किट संपवलं.

घरी बिट्टीने आकाशात दोन पांढरे फुगे पाहिले होते. आणखी हवेत म्हणाली.

१६ सप्टेंबर

आज पहिल्यांदाच उशीर झाला. काळोख पडल्यावर बसमधून उतरून वर पाहिलं. सगळ्या गावात दिवे लागले होते आणि आमची गल्ली टेकडीवरून कापून काढल्यासारखी दिसत नव्हती. एकच चौकोन उजळ होता. आमची खिडकी. वाटलं, वीज गेली असेल. पण मग आमच्याकडे कशी आहे?

मास्तर दाराशीच भेटले. जणू वाट पाहत होते. इथे काळोख पाळतात, असं त्यांनी सांगितलं. उपास पाळावा तसं म्हणाले. सूर्य उतरला की दिवा नाही. फोन बंद करून पत्र्याच्या डब्यात. नळ सोडायचा नाही, पाणी गल्लीच्या टोकाच्या हातपंपाचं. बोलायचं ते हळू. मी हसून सांगितलं की रॉकेट आंधळं असतं, त्याला दिवा दिसत नाही. तेही हसले. म्हणाले, मी पंचवीस वर्षं भूमिती शिकवली बाई, मला वाट कळते. पण खालच्या गल्लीवर चारदा पडलं आणि आमच्यावर एकदाही नाही, हे कोणत्या भूमितीत बसवू?

खालची गल्ली म्हणजे आमच्या उतारावरची, बाजाराला लागून असलेली. तिथे दिवे असतात, माणसं असतात, दुकानं असतात. तिथे पडतं कारण पलीकडचे तिथे मारतात. हे मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, जशी वर्गातल्या कच्च्या मुलीपुढे हलवत असतील.

सासूबाई म्हणाल्या, अंधारात चमचा कानात जायचा. आम्ही दिवा ठेवला.

२३ सप्टेंबर

आज सासूबाई बिट्टीला घेऊन खालच्या गल्लीत पावाच्या दुकानासमोर उभ्या होत्या. भोंगा झाला. दुकानदाराने सगळ्यांना जिन्याखाली घेतलं. रॉकेट आमच्या बाणाने फोडलं, बरोबर डोक्यावर. ते मी पडद्यावर पाहिलं. रेष पुसली गेली तेव्हा मी सुस्कारा टाकला.

पण हवेत फुटलेलं हवेतच राहत नाही. जळता पत्रा खाली आला. घाईने बाहेर पडलेल्या एका म्हाताऱ्यावर तो पडला. सासूबाईंनी बिट्टीचं तोंड आपल्या पोटाशी दाबून धरलं, पण स्वतः पाहिलं.

मी समजावलं की न अडवता अख्खं पडलं असतं तर दुकान उरलं नसतं. त्या ऐकत होत्या. मग उठल्या आणि दिवा मालवला. म्हणाल्या, जिथे तुम्ही मारता तिथेच पडतं.

२५ सप्टेंबर

मास्तरांनी खिडक्यांना लावायला गाद्या पाठवल्या. सासूबाईंनी माझा फोन डब्यात ठेवला आणि नळ सोडून पंपाचं पाणी भरलं. घरात कटकट नको म्हणून मी गप्प बसले. सकाळी कामावर जाताना फोन मागायचा, परतल्यावर द्यायचा, असं ठरलं. कचेरीच्या फाटकावर तो तसाही काढून घेतात. म्हणजे तो दिवसभर बंद आणि रात्रभर बंद.

२८ सप्टेंबर

यंत्राने आज एक तुकडा पांढरा करायचं सुचवलं. अशा सूचना रोज येतात. ओसाड गोदामं, मोडकळीला आलेले वाडे. तुकड्यांना नावं नसतात. मी मान्य करायला हात नेला आणि आकार ओळखला. एक वळण, मग शेवट.

मी साहेबांना म्हटलं, हे माझं घर आहे. त्यांनी चष्मा पुसला. मग हात बाजूला घ्या, म्हणाले. स्वतःच्या घराबद्दल नकाशावाल्याने काही करायचं नाही. गेल्या वर्षी माझ्या जागेवर जो होता त्याने मेहुण्याची रिकामी गोदामं निळी ठेवली. झुंड आली त्या दिवशी तीन बाण गोदामांवर गेले आणि शाळेजवळच्या घरांना उरले नाहीत. साहेब हे सांगताना माझ्याकडे पाहत नव्हते. म्हणाले, काळजी कशाला? लंबू जाईल, माणूस बघेल, निळं राहील. पाच मिनिटांचं काम.

खरं आहे. उगाच घाबरले.

३० सप्टेंबर

लंबू गेला आणि आला. रिकामं, म्हणाला.

मी विचारलं, कसं? म्हणाला, सगळी दारं ठोकली. खिडक्यांना आतून गाद्या, वळचणीला एक कपडा वाळत नाही, चूल नाही, पोर नाही. माणसं राहतात तिथे कुत्रं तरी भुंकतं. निळ्या दाराचं घरही ठोकलं का, असं मी विचारलं. तेही ठोकलं होतं. ते तुमचं, त्याने विचारलं. त्याचा चेहरा खरोखर पडला. पण पाहिलं नाही ते पाहिलं असं तो म्हणणार नाही. नियम त्याच्याच सहीवर चालतो.

साहेबांना म्हटलं, मी तुमच्यासमोर उभी आहे, मी तिथे राहते. ते म्हणाले, तुम्ही इथे आहात. तिथे कोण आहे, ते मला कसं कळणार? सोमवारी लंबूला परत पाठवतो. तोवर पांढरं राहील. त्या दिवशी सुट्टी घ्या आणि दारात उभ्या राहा, म्हणजे झालं.

घरी आले. सासूबाई दाराआड बसल्या होत्या, बिट्टी मांडीवर. मी विचारायच्या आधीच म्हणाल्या, "मीच नाही उघडलं. पोरीच्या तोंडावर हात ठेवून बसले होते. हुशार आहे हो, हूं की चूं केलं नाही."

२ ऑक्टोबर

पाववाल्याची गाडी आली नाही. गल्लीच्या तोंडाशी येऊन वळून गेली. मी मागे धावले. त्याला त्याच्या यादीत आमची गल्ली दिसत नाही. वीजवाले, पाणीवाले, पाववाले, सगळे आमचाच नकाशा वापरतात. संध्याकाळी खांबावरचा दिवा लागला नाही. नळ कोरडा. म्हणजे आता आम्ही दिवा लावायचं ठरवलं तरी मेणबत्तीच.

गल्ली खूश आहे. भोंगा आता इथे वाजत नाही, हे मास्तर सगळ्यांना सांगत होते. आधी खालच्या गल्लीबरोबर आपलाही वाजायचा. आता धोकाच टळला. पंपाशी उभ्या असलेल्या बायका माझ्याकडे पाहून हसल्या, पण आवाज न करता. मी सांगितलं की भोंगा वाजत नाही कारण आम्ही नाहीच असं यंत्र समजतं. एकजण म्हणाली, मग बरंच आहे की. जे नाही त्याला कोण मारेल?

बिट्टीने बाहुलीच्या तोंडावर चिंधी बांधली आहे. मी सोडली. तिने परत बांधली.

३ ऑक्टोबर

झुंड आली. बाजारावर चार, टाकीवर दोन. बाण जात होते. मग एक रेष वर आली आणि वाकली. वाकली तशी मला ते वळण दिसलं.

रडारवाली म्हणाली, मोकळं.

मी उभी राहिले. माणसं आहेत, माझी मुलगी आहे, असं मी म्हणाले असेन. रडारवालीचा हात थांबला. तिने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी नकाशाकडे पाहिलं. तो पांढरा होता.

जाऊ दे.

रॉकेट शेतात पडलं. गल्लीच्या मागे, पंपापासून फार दूर नाही. साहेबांनी मला पाणी दिलं. सोमवारी, म्हणाले. सोमवारी नक्की.

घरी धावत गेले. गल्लीतली माणसं शेताच्या बांधावर उभी राहून खड्डा पाहत होती. मला पाहून मास्तरांनी खड्ड्याकडे हात केला. "बघा. शोधत आलं, आणि घर नाही सापडलं."

सासूबाईंनी मान डोलावली.

४ ऑक्टोबर

यांना फोन करायला बाजारात गेले. लागला नाही. इथून निघू या असं सासूबाईंना म्हटलं. कुठे, असं त्यांनी विचारलं. खालच्या गल्लीत? त्या पत्र्याखाली? तू पोरीला उजेडात नेणार, हो ना?

मी त्यांच्या पाया पडले. आजवर कधी पडले नव्हते. त्या म्हणाल्या, वेडी आहेस, माझा का तिच्यावर जीव नाही? नाही कसा. म्हणूनच तर.

५ ऑक्टोबर, रविवार

उद्या लंबू. सुट्टी घेतली आहे. बिट्टीला कडेवर घेऊन दारात उभी राहीन. तिला पिवळा फ्रॉक घालीन, लांबून दिसेल असा. सासूबाईंनी फ्रॉक स्वतःहून काढून ठेवला. शेवटी ऐकलं म्हणायचं.

६ ऑक्टोबर

मागच्या कोठीत आहे. बाहेरून कडी.

सकाळी सासूबाईंनी मला स्वयंपाकघरामागच्या कोठीतून बटाटे आणायला सांगितलं. कडी लागल्याचं ऐकलं. वाटलं, वाऱ्याने. मग गाद्या सरकवल्याचा आवाज. दाराला, खिडकीला.

मी ओरडले. गाद्यांनी सगळं पिऊन टाकलं. फट आहे ती शेताकडे. शेतात कुणी नाही, खड्डा आहे.

दुपारी सासूबाईंनी दाराखालून ताट सरकवलं, मागितली म्हणून ही वही आणि पेन्सिलही, आणि तिथेच बसून सांगितलं काय झालं ते. चांगली बातमी सांगावी तसं. मास्तर धुतलेला सदरा घालून गल्लीच्या तोंडाशी थांबले होते. लंबूने माझं नाव घेऊन विचारलं. मास्तर म्हणाले, ती पहाटेच सासूला आणि मुलीला घेऊन नवऱ्याकडे गेली. इथे आता कुणी नाही. मी कुलपं बघायला येतो अधूनमधून. लंबू म्हणाला, गेल्या का, बरं झालं, सुटल्या. पंपावर पाणी प्यायला आणि गेला.

म्हणजे कामावर माझी कुणी वाट पाहणार नाही.

बिट्टी कुठे, असं मी विचारलं. मास्तरांच्या तळघरात, म्हणाल्या. सगळी मुलं तिथेच आहेत. सुरक्षित.

७ ऑक्टोबर

फटीतून उजेड येतो तेवढा वेळ लिहिते.

भोंगे ऐकत असते. बाजाराचा जाड. खालच्या गल्लीचा चिरका. वाजला की बरं वाटतं. ते तिकडचं. कुणीतरी त्यांना अडवतंय. बाण गेल्याचा हादरा जमिनीतून येतो.

भीती दुसऱ्या वेळची. टेकडीपलीकडे उडाल्याचा आवाज होतो, गोणी टाकल्यासारखा. आणि मग कुठेच काही वाजत नाही. ते पांढऱ्याचं. खाणीचं, किंवा आमचं. मी भिंतीला पाठ लावून—

खाण.

खाणच होती.

८ ऑक्टोबर

तळघर भिंतीपलीकडेच आहे. कान लावला. एवढी मुलं आहेत आत. एक खोकला नाही. एक भांडण नाही. बिट्टीला हाक मारली. काही हललं. बिट्टी माझी हाक ओळखते. ओळखली आणि—

गप्प राहिली. शिकवलंय तिला.

मीही आता हळू लिहिते. टोक कागदावर वाजू नये म्हणून. का? कुणासाठी?

९ ऑक्टोबर

गोणी. मग शांत. मोजत नाही मी आता, नुसती—

पडलं. इथे. घर उचललं आणि ठेवलं. माती तोंडात.

नंतर. सासूबाईंनी दाराआडून सांगितलं, वळणावरचं घर गेलं. नवराबायको होती तिथे, नुकतं लग्न झालेली. पंपावर तीच मला म्हणाली होती, जे नाही त्याला कोण मारेल. मास्तर सांगत फिरतायत की त्यांनी काडी ओढली असणार. एखादी काडी. कुणी विचारत नाही, भरदुपारी काडी कशाला?

सासूबाई दाराशी बसल्यात. कडीची खुडबुड ऐकू येते. मग:

"भोंगा का नाही वाजला गं?"

हजारदा सांगून झालंय.

"त्या दिवशी पावाच्या दुकानात वाजला म्हणून आम्ही जिन्याखाली गेलो. वाजला म्हणून वाचलो. आता मी तिला कधी नेऊ जिन्याखाली? मला कोण सांगणार, आता म्हणून?"

कडी निघाली.

१० ऑक्टोबर

ऊन उतरतंय. लवकर लिहिते, हात रिकामे ठेवता येत नाहीत.

ठरलंय असं. सासूबाईंवर गल्लीचा विश्वास आहे, त्या मुलांना पाणी द्यायला तळघरात जातात. आज बिट्टीला घेऊन बाहेर पडतील. इकडे येतील. मग तिघी उतारावरून खाली, खालच्या गल्लीपर्यंत. तिथून निळं सुरू होतं. अंतर काहीच नाही. बिट्टी एरवी एका दमात पळत जाते.

मी गाद्या काढल्या. सगळ्या. घरातल्या होत्या नव्हत्या त्या मेणबत्त्या वरच्या खिडकीत लावल्या. खालून कुणी वर पाहिलं तर. लंबूने पाहिलं तर. कुणीही.

समोरच्या घरात पडदा हलला. मग त्याच्या शेजारच्या.

माणसं बाहेर येतायत. पायात काही नाही. आवाज नाही. माझ्या खिडकीकडे बघतायत. कुणाच्या हातात घोंगडी, कुणाच्या बादली. विझवायला.

मास्तर. ओठांवर बोट.

सासूबाई तळघराच्या पायऱ्यांवर आल्या. आल्या. कडेवर बिट्टी. केसांत माती. बिट्टी दिव्यांकडे बघते आहे. मला बघते आहे. तोंडावर स्वतःचाच हात.

मास्तर वळले. वाट अडवली. सासूबाई त्यांना काहीतरी म्हणाल्या, मोठ्याने, गल्लीत कुणी इतक्या दिवसांत बोललं नाही एवढ्या मोठ्याने. "सरा बाजूला, पोर माझी आहे." सरले. निघाल्या. आता गल्लीच्या मध्यावर. माझं दार उघडं आहे. उतरते मी, उतर—

गोणी.

टेकडीपलीकडे. आत्ता.

बाजार शांत. टाकीकडे शांत. खालच्या गल्लीत काही नाही. बाणाचा हादरा नाही. सासूबाईंनाही कळलं, त्या थांबल्यात, वर बघतायत, कुठेच वाजत नाही. म्हणजे ते खाणीत जाणार, किंवा